पाय लागला होता

१२ डिसेंबर, गुरुवार. अमरावती

शाळेत शिबिर झालं. "स्वतःचा शोध". पुण्याहून एक बाई आल्या होत्या. सुती साडी, हळू आवाज. डोळे मिटा म्हणाल्या. मिटले. खिडकीतून आठवी ब च्या पोट्ट्यांचा गलका येत होता, व्हॉलीबॉलची जाळी ओढून राहिले होते. उघडले. जाळी वाचवायला जाऊ की स्वतःला शोधू?

बाईंनी फळ्यावर लिहिलं. तुम्हाला मनापासून काय आवडतं? तुमचं प्रेम कुणावर आहे? कुणी सांगितलं नाही तरी कोणतं काम कराल? मुख्याध्यापक म्हणाले, सर्व शिक्षकांनी महिनाभर रोजनिशी लिहायची. तपासणार नाही, पण लिहायची. म्हणजे काय, तेच जाणे.

घरी येऊन विलासला सांगितलं. हसला. "तुले शोधाची काय गरज हाय जोती? तू तर आवाजावरूनच सापडते."

सईपण हसली. दहा वर्षांची पोट्टी, बापाच्या प्रत्येक विनोदाला हसते. मी नाही हसले. भाजीला फोडणी दिली, जोरात.

१५ डिसेंबर

बाईंचा पहिला प्रश्न. काय आवडतं.

कबड्डी असं लिहिलं. मग खोडलं, कारण आता खेळत नाही. गुडघा गेला त्याला बरीच वर्षं झाली. आता पंच असते. रविवारी, सुट्टीत, हिवाळाभर जिथे बोलावतील तिथे. पांढरा शर्ट, काळी पॅन्ट, शिट्टी. शाळेत मी "पीटीच्या मॅडम", घरी "तापट", माहेरी "तोंडाळ". अकोल्याच्या बाजारात बाबांसोबत शेवंतीचे गठ्ठे घेऊन जायची तेव्हा दलाल म्हणायचे, पोट्टीले आणत नोका जाऊ, भांडते.

पण रेषेवर उभी राहिले की राग येत नाही. ओरडा, शिव्या द्या, नाही येत. फक्त पाय दिसतात. कुणाचा कुठे पडला, कुणाचा उचलला. तेवढा वेळ मी कुणावर चिडलेली नसते. बाकी दिवसभर असतेच.

हे कोणाला सांगितलं तर म्हणतील

असो.

दुसरा प्रश्न. प्रेम कुणावर. विलास. सई. लिहून झालं. एवढ्यासाठी पुण्याहून यायचं?

१९ डिसेंबर

रविवारी तेल्हाऱ्याला फायनल. स्पर्धा भासऱ्यांची, म्हणजे विलासचे मोठे भाऊ, आम्ही दादा म्हणतो. त्यांचं मंडळ, त्यांचाच मांडव. त्यांचा पोट्टा रोशन तिकडच्या संघात. चढाईला जातो, पायात चपळ आहे, चांगला आहे.

मी दादांना फोन करून म्हटलं, घरचा मुलगा खेळून राहिला, मला पंच ठेवू नका. तर म्हणाले, "काहून? आपल्या घरची सून पंच हाय, गावात मान हाय आपला. बॅनरवर फोटो टाकला मी तुहा."

गावंडे सर मुख्य पंच आहेत. त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, दादांचा आग्रह आहे, माझाही. बाई, तुमच्याइतकी नजर दुसऱ्या कुणाची नाही.

ठीक.

२३ डिसेंबर

कालचं लिहिते.  

समोर चांदूर रेल्वेचा संघ. शेवटची चढाई, आपल्याकडचे एका गुणाने मागे. रोशन गेला. एक गडी टिपला तर बरोबरी, दोन टिपले तर कप. मी माझ्या बाजूच्या रेषेवर. मैदानाच्या दोन्ही कडांना पट्टा असतो, त्याला लॉबी म्हणतात. समोरच्या गड्याला हात लागल्याशिवाय त्यात पाय टाकायचा नाही. टाकला की बाद. शाळेतल्या पाचवीच्या मुलींनाही पाठ आहे.

रोशनने कोपऱ्यातल्या दोघांना एका झेपेत टिपलं. सुंदर झेप. पण त्याआधी त्याचा डावा पाय लॉबीत पडला. अर्धा नाही, टाच नाही. पूर्ण पाय. माझ्या समोर, हाताच्या अंतरावर. मग हात लागला.

तो मध्यरेषा ओलांडून दोन्ही हात वर करून नाचत आला. ढोल सुरू झाला. मी शिट्टी वाजवून बाद दिलं.

ढोल थांबायला वेळ लागला.

गावंडे सर आले. "बाई, पक्कं?" "पक्कं." त्यांनी एकदा मांडवाकडे पाहिलं, मग निर्णय दिला. कप चांदूरला.

खुर्च्या उचलल्या गेल्या. एक माझ्या पायाजवळ पडली. दादा आत आले, माझा दंड धरला नाही एवढंच.

"जोती, एकडाव इचार कर."

"पाह्यलं दादा."

"घरचं पोट्टं हाय ते."

"म्हणूनच तर मी नको म्हणत होती."

मग त्यांनी माईक घेतला. "पंचाईचा निर्नय अंतिम असते. पन गावकऱ्याईनं काय पाह्यलं ते गावकऱ्याईले माईत हाय." टाळ्या. माझ्या मागे, पांढऱ्या कपड्यांतल्या पाहुण्यांच्या रांगेत, विलास बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. उठूनही उभा राहिला नाही.

दादांच्या घरी जेवायला गेलो, कारण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं म्हणे. जाऊबाईंनी वाढलं. माझ्या ताटात भाजी वाढताना वाटी आपटली. रोशन जेवायला आला नाही, मागे गोठ्यात बसून होता.  येताना गाडीत, अकोला मागे पडलं तेव्हा, सईने विचारलं, "मम्मी, रोशनदादा आऊट होता का?"

होता, म्हटलं.

विलासने रेडिओ लावला.

२४ डिसेंबर

सकाळी चहाला बसलो तर वि. म्हणतो, "दादाले फोन कर. चुकून झालं असन म्हना. उन्हात दिसलं नाई म्हना. कोनाचं काय जाते?"

"माझं जाते."

"तुह्यं काय जाते? तुले का पगार देते का ते?"

मी विचारलं, मला उन्हात दिसलं नाही तर पुढच्या मॅचला मला कोण उभं करेल? म्हणाला, नाही केलं तर बरंच, रविवारी घरी राहशीन.

एवढं सरळ बोलला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. बरं झालं, कळलं तरी. डबा न घेता शाळेत गेले आणि दिवसभर पोरींना पळवलं. त्या बिचाऱ्यांचा काय दोष.

२९ डिसेंबर

तेल्हाऱ्याचे पोट्टे व्हॉट्सॲपवर माझा बॅनरवरचा फोटो फिरवून राहिले. डोळ्यांवर काळी पट्टी रंगवली आहे. खाली "सूनबाईची शिट्टी". शाळेच्या ग्रुपवरही आला. मराठीच्या जोशी मॅडमनी हसण्याचं चित्र टाकलं, मग पुसलं. पुसलेलं दिसतंच ना.

गावंडे सरांचा फोन. "बाई, तक्रार आली आहे. जानेवारीच्या स्पर्धांना थोडा आराम करा."

"माझी चूक झाली का सर?"

"नाही."

"मग?"

"चूक झाली असती तर एका ओळीत मिटलं असतं. म्हणून म्हणतो, थोडे दिवस."

किती सज्जन माणूस. सज्जन माणसांचा मला फार राग येऊन राहिला आहे.

३ जानेवारी. अकोला

दोन दिवसांसाठी आईकडे आले. गावाबाहेर आमचा मळा. झेंडू संपत आला, शेवंती आहे. सकाळी बाबा बाजारात गेले आणि आम्ही दोघी ओट्यावर फुलं निवडत बसलो. सगळं सांगितलं. वाटलं, आई तरी.

आई म्हणे, "तुह्या बापानं तुले कधी चूप बस म्हनलं नाई. आमचं तिथीसाच चुकलं."

"म्हणजे मी खोटं बोलायचं?"

"खोटं कोन म्हन्ते वं? चूप राह्यचं. चूप राह्यलं म्हंजे खोटं नसते."

भडकले. नाही नाही ते बोलले. तू जन्मभर चूप राहिली, काय मिळालं तुला? तिने निवडलेली फुलं टोपलीत टाकली, सुकलेली बाजूला. मग म्हणाली, "मले का मालूम. मले काय पाह्यजे हे कोनी इचारलंच नाई. आता इचारलं तरी सांगता येनार नाई, माय. सवय गेली."

हे ऐकून शांत व्हायला हवं होतं. जास्तच भडकले. पण तिच्यावर नाही. कुणावर ते कळलं नाही, म्हणून विहिरीपर्यंत चालत गेले आणि परत आले. तोपर्यंत तिने माझ्यासाठी भाकर टाकली होती.

७ जानेवारी

शिबिराच्या बाईंना मुख्याध्यापकांनी अहवाल पाठवायचा आहे. विचारलं, मॅडम, लिहून राहिल्या ना? होय म्हटलं. काही सापडलं का? म्हटलं, सापडून राहिलं, तुम्हाला दाखवण्यासारखं नाही.

रविवारी घरी होते. गहू निवडले. माळा झाडला. कपाटं आवरली. वि. खूश. संध्याकाळी म्हणतो, "पाह्य, किती बरं वाटते घरी." मी पांढरा शर्ट इस्त्री करून परत ठेवला. कुठे जायचं नव्हतं. तरी केली.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे असावं. कुणी सांगितलं नाही तरी शर्टला इस्त्री करते.

११ जानेवारी

चांदूरच्या एका खेळाडूने व्हिडिओ पाठवला. त्याच्या मित्राने खांबाला टेकून काढलेला. थांबवून पाहिला. पाय लॉबीत, स्वच्छ. हात अजून हवेत.

जेवताना वि.पुढे फोन धरला. "पाहा."

त्याने पाहिलं नाही. भात कालवत राहिला.

"पाहा ना. एकदा पाहून घ्या."

"मले दाखवू नको. मले माईत हाय."

"काय माहीत आहे?"

"मी तुह्या मांगंच बसलो होतो ना. पाह्यला मी पाय."

सई वरणाची वाटी हातात घेऊन आमच्याकडे पाहत होती. मी विचारलं, "तू पाहिला होता?"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा "तू" म्हटलं. ठरवून नाही. तोंडातून आलं.

तो म्हणाला, "आता वहिनीचं, दादाचं तोंड पाहू का पाय पाहू?"

उठले. हात धुतले.

१२ जानेवारी, रविवार

झोप नाही. लिहिते, नाहीतर काहीतरी फोडेन.

मला वाटत होतं त्याला खरंच वाटतं की मी चुकले. त्यावर मी राग गिळत होते. माणूस आहे, भावावर जीव आहे, दिसलं नसेल, भावासाठी बोलत असेल. मी त्याच्यासाठी कारणं शोधून राहिली होती इतके दिवस! आणि तो मला म्हणत होता उन्हात दिसलं नाही म्हण. त्याला स्वतःला ऊन लागलं नव्हतं. गॉगल होता.

आमचं लग्न कसं ठरलं ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला वाटायला नको की मीच वेडी होते. पोहे-चहाचा कार्यक्रम मी नको म्हटलं होतं. बाबा म्हणाले, मग पोट्ट्याला मॅच पाहायला बोलव. विलास चांदूरला आला. पहिल्या रांगेत बसला. मी त्या दिवशी वाईट खेळले, समोरच्यांच्या शेवटच्या चढाईत बाद झाले, हरलो. मॅच संपल्यावर बाहेर उसाच्या रसाच्या गाडीजवळ तो आला आणि म्हणाला, "तुमाले हात लागला नव्हता असं तुमच्या पोरी ओरडून राहिल्या होत्या. तुमी मात्र हात वर करून बाहेर गेल्या. मले ते आवडलं."

त्या एका वाक्यावर मी होय म्हटलं. पतसंस्थेतली नोकरी, घर, शेती, काही नाही पाहिलं. एक माणूस भेटला जो माझ्यातलं नेमकं तेच पाहतो असं वाटलं.

पाहत होताच. काल कळलं. पाहतो आणि गप्प बसतो.

माझ्यावर प्रेम नाही असं म्हणता येत नाही. सकाळी माझ्या गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी आणून दिली.  मी फेकून देणार होते. नाही फेकली, दुखत होता.

प्रेम असून

पुढे सुचत नाही.

१४ जानेवारी. संक्रांत

जाऊबाईंचा फोन. हळदीकुंकवाला येऊ नको, बाया उगाच बोलतात. बरं.

तिळाचे लाडू वळले. वि.ला दिला. गोड गोड बोला हे शब्द दोघांनीही म्हटले नाहीत.

दुपारी दादांना व्हिडिओ पाठवला. फक्त त्यांना. ग्रुपवर टाकला असता तर माझी सगळी थट्टा एका मिनिटात थांबली असती, पण रोशनचं नाव गावभर खराब झालं असतं. तो वीस वर्षांचा आहे. दादांनी पाहिला, निळ्या खुणा आल्या.  लगेच विलासला फोन केला. हा बाहेर गॅलरीत गेला, पण दादांचा आवाज भिंतीला थांबत नाही.

"तुह्या बायकोले सांग, थो इडिओ कोनाले पाठवू नको म्हना. पोट्ट्याची निवडचाचनी हाय."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. आधीपासून की आज, कोण जाणे. भांडण खऱ्याखोट्याचं नव्हतंच. मी एकटीच येड्यासारखी खरं सिद्ध करत बसले होते, ज्यांना ते सिद्ध करून नकोच होतं त्यांच्यापुढे.

१९ जानेवारी, रविवार. धारणीहून परत

काल धारणीहून एका आश्रमशाळेच्या शिक्षिकेचा फोन आला. मुलींच्या मॅचेस आहेत, अमरावतीहून पंच यायला तयार नाही, रस्ता खराब, मानधन नाही, तुम्ही याल का? तेल्हाऱ्याचं तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, इथे पंचच नाही आहे, तुम्ही काय सांगून राहिल्या."

पहाटे निघाले. परतवाड्यापासून बस घाटात शिरली आणि पोटातलं सगळं वर. मग जीपने. कोरकू पोरी अनवाणी खेळतात, मातीवर. चुन्याच्या रेषा सारख्या पुसल्या जातात. त्या पडतात आणि लगेच उभ्या होतात, अंग झटकत नाहीत. खूप दिवसांनी मी इतकं मन लावून कुणाकडे पाहिलं.

दुसऱ्या मॅचला मी चुकले. एका मुलीला बाद दिलं. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. लहानशी, केसांना लाल रिबीन. हिंदीत म्हणाली, "मॅडम, मैंने पहले छुआ था." तिच्या संघाची शिक्षिका तिला मागे ओढू लागली. मी थांबवलं. पलीकडच्या रेषेवर उभ्या केलेल्या शिक्षकाला विचारलं. तो म्हणाला, होय, हात आधी लागला. मी सगळ्यांसमोर निर्णय फिरवला. दुसऱ्या संघाने थोडा आरडाओरडा केला, मग खेळ सुरू.

काही झालं नाही! आभाळ पडलं नाही. मला वाटलं होतं की मी अडून बसणारी बाई आहे, सगळेच म्हणतात म्हणून. तर मला निर्णय फिरवायला काहीच जड गेलं नाही. चूक होती, फिरवली. तेल्हाऱ्याला चूक नव्हती.

दुपारी पोरींनी मला सीताफळाच्या झाडाखाली बसवून वरण-भात वाढला. त्या लाल रिबीनवालीने विचारलं, मॅडम, हम भी ये सीटी वाला काम कर सकते? म्हटलं, आधी खेळ. मग ये.

बसमध्ये राग परत आला. वाटेतलं सेमाडोह येईपर्यंत नव्हता, म्हणजे बराच वेळ तो निघून गेला होता.

२० जानेवारी

वि. : "सांगून तरी जायचं."

मी : "तुम्ही गेला असता का मला घेऊन?"

"तुम्ही" आपोआप परत आलं. त्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं दिसलं. मला नाही वाटलं. "तू" म्हणाले तेव्हा जास्त जवळचा होता.

२७ जानेवारी

शाळेच्या मैदानावर रोशन आला. मोटरसायकलवर, तेल्हाऱ्याहून एकटा. मी पोरींचा सराव घेत होते. तोंडाला रुमाल, तो सोडेना.

"काकू."

"बोल."

"पाय लागला होता. मले तवाच समजलं होतं."

"मग नाचला काहून?"

"समदे वाजवून राहिले होते ना ढोल."

 एक ठेवून द्यावी वाटली. म्हणाला, बाबांना सांगायची हिंमत नाही, निवडचाचणी झाली की सांगीन. मी म्हटलं, झाली की तुला सांगायची गरजच वाटणार नाही.

रडू लागला. पोरी पाहत होत्या. मला रडणाऱ्याचा राग येतो आणि हा तर चांगला खेळाडू आहे, त्याचा अजूनच. चुना घेतला, रेषा मारली. "ये इकडे. डावा पाय का जातो तुझा तिथे? झेप घेताना कंबर आधी वळते. पुन्हा कर." केलं. पुन्हा गेला पाय. पुन्हा कर. ऊन उतरेपर्यंत केलं. शेवटी पाय रेषेच्या आत राहिला आणि हात तितकाच लांब गेला.

जाताना पाया पडला. म्हटलं, पाया नको पडू, तोंड उघड.

अजून उघडलेलं नाही.

८ फेब्रुवारी

दोन गोष्टी एकाच दिवशी.

एक. गावंडे सरांचा फोन. अकोल्याला महिलांची स्पर्धा, सोळा तारखेला, तुमचं नाव दिलं आहे. मी विचारलं, आराम संपला का? सर म्हणाले, धारणीच्या शिक्षिकेने संघटनेला लिहिलं. की एक पंच आल्या होत्या, चूक झाली तर सगळ्यांसमोर मान्य करतात, अशा पाठवा. "ते वाचून मला लाज वाटली बाई." वाटू दे. मार्चमध्ये राज्य पंच परीक्षा आहे, अर्ज भरा म्हणाले. भरला. लगेच.

दोन. दादांच्या नव्या घराची वास्तुशांती. सोळा तारखेलाच, तेल्हाऱ्याला. निरोप असा, जोतीने यावं, पाहुण्यांसमोर दोन शब्द बोलावे, गैरसमज झाला होता म्हणून. मग सगळं पहिल्यासारखं.

वि. म्हणतो, दोन शब्द तर हायेत.

म्हटलं, तुम्हीच बोला ना दोन शब्द. तुम्ही पाहिला होता.

 मग म्हणाला, "मी सांगू दादाले? एवढ्या लोकाईत?"

"मले काहून इचारता?"

माझ्या तोंडून घरची बोली आली की मी फार चिडलेली असते हे त्याला माहीत आहे. 

१३ फेब्रुवारी

 वि.ने दाढी करताना कापून घेतलं. काल सईला विचारत होता, "तुह्या मम्मीची मॅच पाह्यची का वास्तूचं जेवन जेवाचं?" सई म्हणाली, मॅच. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मला त्याची दया येऊन राहिली आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग. त्याने का नाही लवकर सांगितलं? काय अडकलं होतं? भाऊ मारणार होता का? वडील गेल्यावर दादांनीच शिकवलं, कपडे केले, हे मला माहीत आहे. रोज माहीत आहे. ते माहीत असूनही.

१६ फेब्रुवारी, रविवार. अकोला

सकाळी तिघं गाडीने निघालो. त्याने मला आणि सईला इथे मैदानावर सोडलं. उतरताना म्हणाला, "मी तेल्हाऱ्याले जाऊन येतो. संध्याकाळी घ्याले येतो."

"काय सांगणार?"

"पाहू."

"पाहू" नको होतं मला. तरी मी दार लावलं, आपटलं नाही.

मॅचेस चांगल्या झाल्या. आई-बाबा मळ्यावरून आले होते. आई खुर्चीच्या कडेवर बसून होती, पदर तोंडाला. एका मुलीने माझ्याशी वाद घातला, मी समजावलं, ती गेली. आईने नंतर विचारलं, "तू तिथीसा एवढी थंड कशी राह्यते?" म्हटलं, माहीत नाही. आई म्हणाली, "घरी बी राहत जाय." मी हसले. बऱ्याच दिवसांनी. ते दोघं पाच वाजता गेले, मळ्यात पाणी द्यायचं होतं.

आता मैदान रिकामं होऊन राहिलं आहे. पोट्टे मॅट गुंडाळतात. वि.चा फोन नाही. दोनदा लावला, उचलला नाही. खरं बोलला असेल तर उशीर होणारच. नसेल बोलला तरी होणार, जेवणावळी, पाहुणे, गोड बोलणं. उशिरावरून काही कळत नाही. रोशनचा मेसेज आहे दुपारचा, "काकू, काका आले." पुढे काही नाही. मी विचारलं नाही.

तो काहीही करून आला तरी मार्चला परीक्षेला बसणार. तेवढं ठरलं आहे. त्याच्यासोबत राहणं, न राहणं, कसं राहणं, यातलं काहीच ठरलेलं नाही, आणि आज ठरवणार नाही. राग आहे. वि. आला म्हणून तो जाणार नाही आणि वि. नाही आला म्हणून वाढणार नाही. एवढा माझा स्वतःचा आहे.

सई म्हणते, पप्पाची गाडी.

गेटपाशी लागली. उतरला. सई धावत गेली, त्याने तिला उचललं नाही, हात धरला. दोघं मैदानाच्या पलीकडून येऊन राहिले आहेत. पांढऱ्या सदऱ्यावर काहीतरी सांडलं आहे, की सदराच फाटला आहे, इथून समजत नाही. सई वर पाहून काहीतरी विचारते आहे. तो उत्तर देतो आहे.